अर्धा इंच सैल

या, अलीकडे सरका. दाराशी बसलेल्यांनीही आत यावं, कारण गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका शर्ट शिवणाऱ्या मास्तरांची आहे, त्यांच्या बायकोची आहे, आणि एका गळ्याची आहे. हिच्यात कुणी मरत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून बसणार नाही. जायची भीती होती ती उजव्या हाताची. आणि शर्ट शिवणाऱ्याचा उजवा हात गेला की मागे काय उरतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मास्तर फक्त शर्ट शिवत. कुणी पँट घेऊन आलं तर "कमरेखालचं मला कळत नाही" म्हणून परत पाठवत. शर्टातही त्यांचा खरा जीव कॉलरीत. बकरम, म्हणजे आतलं ताठ कापड, आदल्या दिवशी भिजवून सावलीत वाळवायचं, कापडाच्या धाग्याला किंचित तिरकं कापायचं, टोक उलटवताना सुई लावायची नाही, बोथट पेन्सिलीनं हळूच बाहेर काढायचं. त्यांनी केलेल्या कॉलरची दोन टोकं बघितली की वाटे, जुळी भावंडं शेजारी शेजारी उभी आहेत.

दुकान खाली, राहायच्या दोन खोल्या वर. बेतायचं टेबल खिडकीपाशी, त्याची कड मास्तरांच्या पोटानं घासून गुळगुळीत झालेली. बायको दारातल्या स्टुलावर बसे, उजेडासाठी. हातानं काजं करायची ती. एका शर्टाला आठ काजं, एका काजाला चाळीसेक टाके. मास्तरांची थोरली बहीण, अक्का, हिनं लग्नानंतर वर्षाच्या आत तिचं नाव काजवाली ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. काजवालीला त्याचं वाईट वाटलं नाही. निदान कुणाला तरी आपण काय करतो ते ठाऊक आहे, असं ती म्हणे.

आता थोडं मागं जाऊ, तेरा वर्षं. मास्तरांच्या गळ्यात गाठ निघाली. वाईट गाठ. तेहेतीस दिवस शेक घेतले. तोंडावर जाळीचा साचा चढवून तो टेबलाला खिळवायचे आणि वरून यंत्राचा शेक. मास्तर म्हणायचे, "इतक्या बारकाईनं मी कधी कुणाचं माप घेतलं नाही." गाठ गेली. तोंडातली लाळही गेली, म्हणून पाण्याची बाटली कायम हाताशी. गळ्याची कातडी काळपट, जाड, फळीसारखी झाली, आणि हनुवटीखाली दाढी उगवायची थांबली. तिथं बोट लावलं तरी त्यांना कळत नसे.

पाच वर्षं तपासण्या झाल्या. मग डॉक्टर हसून म्हणाले, "मास्तर, आता येऊ नका. मला तुमचा कंटाळा आला." मास्तरांनी ते वाक्य शब्दशः पाळलं. आजारपणात गिऱ्हाईक तुटलं होतं. एका बाईंनी तर नवऱ्याचं कापड न बेतलेलं परत नेलं होतं, तोंडानं काही न बोलता. म्हणून घरात एक नियम झाला. त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. कुठल्या दवाखान्यात कागद भरायचा झाला, की 'पूर्वीचे आजार' या ओळीपुढं काजवाली 'नाही' लिहून मोकळी होई. मास्तर स्वतःसाठी उंच कॉलरचे शर्ट शिवत, आणि गळ्याचं वरचं बटण कायम लावलेलं. बघणाऱ्याला वाटे, माणूस काय टापटिपीचा आहे.

तर तेराव्या वर्षी, एका दुपारी, बेतता बेतता मास्तर म्हणाले, "दिवा गेला का गं?"

दिवा चालू होता. काजवालीनं वर पाहिलं.

"डाव्या डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं," मास्तर म्हणाले. "वरून खाली. दुकानाचं शटर ओढतात तसा."

"मग आता?"

"आता उघडला." त्यांनी खडू उचलला. "दिवाच जुना झालाय."

तिनं दिवा बदलला. आठ दिवसांनी पुन्हा तसंच झालं. त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ते मान खाली घालून खांद्याची शिवण उसवत होते, आणि पडदा उठल्यावर बराच वेळ स्वतःच्या कॉलरीत दोन बोटं घालून बसले.

"सापडलं," ते म्हणाले. "मान खाली केली की कॉलर गळा आवळते. गळा जाड झालाय, माप जुनं आहे. दुखणं कापडाचं आहे."

दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. शिवणाऱ्या माणसाला कुठंही दाटलं की आधी शिवण दिसते. मास्तरांनी आपले सातही शर्ट टेबलावर पसरले, प्रत्येकाच्या वरच्या बटणाशेजारी अर्ध्या इंचावर खडूचा ठिपका दिला, आणि काजवालीनं बटणं उसवून त्या ठिपक्यांवर लावली. बटणं तिनं लावली, हे लक्षात असू द्या. तिच्या लक्षात ते पुढं सारखं राहिलं.

आणि झालं काय, की पाच आठवडे पडदा आलाच नाही.

मास्तर खूश. गिऱ्हाईक चेष्टा करी, "मास्तर, तुमचीच कॉलर ढगळ?" तर म्हणत, "वारा खेळू देतो." काजवालीही खूश. आपण दोघांनी मिळून एक दुखणं अर्ध्या इंचात बसवलं, असं तिला मनातून वाटलं. देव माणसाला असे पाच आठवडे कशासाठी देतो, ते त्यालाच ठाऊक. मी दोष देत नाही.

मग एका वाद्यवृंदाचे अकरा पांढरे शर्ट शिवायला आले, ताठ कॉलरचे. सोमवारी सकाळी मास्तर चौथा शर्ट बेतत होते. कात्री चालत होती, आणि थांबली. मग टेबलावर पडली. काजवालीनं मान वर केली. मास्तर आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, गिऱ्हाईक विसरून गेलेली वस्तू बघावी तसे.

"ती दे," ते म्हणाले. "ती… चमचा. चमचा दे."

त्यांना कळलं की शब्द चुकला. ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा "चमचा" म्हणाले. काजवाली उठली, पाण्याची बाटली पुढं केली. त्यांच्या हाताला ती धरवेना. तिनं ती त्यांच्या तोंडाला लावली. वर शेगडीवर चहाचं पाणी ठेवलेलं होतं, ते उकळून उतू गेल्याचा आवाज आला, तोपर्यंत बोटं हलायला लागली.

"कात्री," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "हातावर झोपलो होतो. मुंग्या आल्या."

"चमचा म्हणालात."

"म्हणालो असेन. अक्काला सांगू नकोस. आणि त्या जुन्या गोष्टीचं तर नावच नको. हे अकरा शर्ट होऊ देत."

कापड जिथं कात्री घसरली तिथं वाकडं गेलं होतं. काजवालीनं तो तुकडा बाजूला केला, ठेवणीतल्या कापडातून नवा पुढचा भाग बेतून दिला आणि स्टुलावर जाऊन बसली. तुम्ही म्हणाल, ती घाबरली असेल. तसं काही झालं नाही. आत काहीच हललं नाही. चाळीस टाके घातले, दोरा तोडला, पुढचं काज घेतलं. रोजच्यासारखं ती देवाचं नाव घेत होती, पण नाव ओठांवरून पुढं सरकत होतं आणि आत कुणी ते ऐकत नव्हतं. देव असल्या नावाचीही गणती ठेवत असेल. माझा तरी तसा विश्वास आहे.

बुधवारी अक्का आली. अक्का कधी सरळ आत येत नाही, आधी दारातून बोलते.

"काय रे धाकट्या, हा काय अवतार? कॉलरीत दुसरी मान मावेल तुझ्या. तुझी कॉलर बघून मी माझ्या नवऱ्याला सरळ केला होता, म्हटलं, बघ माझा भाऊ."

"वारा खेळू देतो, अक्का."

"वारा खेळायला पटांगण आहे. काजवाली, काय झालंय ह्याला?"

काजवाली म्हणाली, "डोळ्यासमोर अंधारी येते अधूनमधून." एवढंच. हाताचं बोलली नाही. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, पण डोळ्याचं चालून गेलं.

"मग डोळ्याच्या डॉक्टरकडे ने उद्या. नाहीतर मी नेते, आणि मी नेलं तर मी तिथंच भांडते, ठाऊक आहे तुला."

गुरुवारी ती दोघं गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं, आणि काउंटरवर तोच कागद. 'पूर्वीचे आजार.' काजवालीनं 'नाही' लिहिलं. सवयीनं लिहिलं. पेन परत दिलं.

डॉक्टर तरुण होती, सर्दी झालेली, दर दोन वाक्यांनी नाक पुसणारी. तिनं डाव्या डोळ्यात औषध घातलं, उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"डोळा चांगला आहे, काका. पडदा वरून खाली आला म्हणालात? आणि आपोआप गेला?"

"शटरसारखा," मास्तर म्हणाले. "पण आता येत नाही. दुरुस्त केलं मी."

"कसं दुरुस्त केलं?"

"कॉलर सैल केली."

डॉक्टर हसली नाही. "ह्याशिवाय काही? हातापायात कमजोरी, बोलताना अडखळणं?"

"छे. काही नाही."

तिनं कागदाकडे पाहिलं. तिथंही काही नव्हतं. "बरं," म्हणून तिनं पेन उचललं आणि चष्म्याचा नवा नंबर लिहायला घेतला.

इथं, मंडळी, काजवालीनं काय करायचं होतं ते तिला ठाऊक होतं. बोलली तर नवऱ्याचा शब्द मोडत होता, तेरा वर्षांचा. नाही बोलली तर तो हात. तिला पेनाचा आवाज ऐकू येत होता. तो कागदावर दोन ओळी पुढं गेला. मग दुकानात मास्तर माप सांगतात आणि ती लिहून घेते, त्या सुरात ती बोलू लागली.

"तेरा वर्षांपूर्वी गळ्याचा कॅन्सर. तेहेतीस शेक, दोन्ही बाजूंना. डोळ्यावर पडदा तीनदा. सोमवारी उजवा हात गेला, चहाचं पाणी उकळेपर्यंत. कात्रीला चमचा म्हणाले, दोनदा. बटणं मी सरकवली. मी त्या कागदावर नाही लिहिलं, ते खोटं आहे."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

डॉक्टरनं पेन ठेवलं. "काका, गळ्याचं बटण उघडा."

त्यांनी उघडलं नाही. काजवालीनं उघडलं. डॉक्टरनं छातीला लावायची नळी त्या फळीसारख्या कातडीवर, जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला टेकवली आणि म्हणाली, "श्वास धरा." सगळ्यांनीच धरला. मग तिनं नळी काजवालीच्या कानाला लावली. अरुंद गल्लीत वारा शिरावा तसा सूं सूं आवाज येत होता, ठोक्याठोक्याला.

"ही मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी," डॉक्टर म्हणाली. "शेकानं गाठ जाते, पण वर्षानुवर्षांनी ह्या नळ्या आतून जाड होतात, बुजत येतात. इथून बारीक कण सुटतो, कधी डोळ्याकडे जातो, कधी मेंदूकडे. आत्तापर्यंत विरघळत आला. पुढचा विरघळेलच असं नाही. घरी जायचं नाही आता. इथून सरळ मोठ्या इस्पितळात."

"अकरा शर्ट आहेत," मास्तर म्हणाले.

"कुणाचे?"

"वाद्यवृंदाचे."

"ते बिनशर्टाचे वाजवतील," डॉक्टर म्हणाली आणि नाक पुसलं.

मोठ्या इस्पितळात गळ्यावर थंड जेल लावून यंत्र फिरवलं. डावी नळी जवळजवळ बुजलेली, सुईच्या नेढ्याएवढी वाट उरलेली. उजवी निम्मी. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. तिथले डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. म्हणाले, "एरवी आम्ही गळा उघडून नळी साफ करतो. पण शेक दिलेल्या कातडीवर…"

"टाका धरत नाही," मास्तर म्हणाले. डोळ्यांच्या दवाखान्यातून निघाल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"बरोबर. म्हणून मांडीतून तार घालून वर न्यायची, आणि अरुंद जागी जाळीची नळी उघडायची. त्यातही धोका आहे. उघडताना कण सुटू शकतो. तसं झालं तर हात जाऊ शकतो, बोलणं जाऊ शकतं. नाही केलं, तर ते असंही जाऊ शकतं, उद्या किंवा पुढच्या महिन्यात."

काजवालीनं विचारलं, "बटणं सरकवली नसती तर?"

"कॉलरचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता."

"पाच आठवडे गेले त्यात."

"हो, गेले," डॉक्टर म्हणाले. "ते पाच आठवडे तुमचं नशीब चांगलं होतं." तिनं मान हलवली, गिऱ्हाईकानं उंची सांगितल्यावर हलवते तशी.

वाद्यवृंदाचं कापड तिनं त्याच दिवशी अक्काकरवी दुसऱ्या दुकानात पाठवून दिलं, बेतलेलं आणि न बेतलेलं वेगळं बांधून. मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तो कॉलरला सुई लावतो." मग भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी सकाळी त्यांना आत नेलं. भूल द्यायची नव्हती, जागं ठेवायचं होतं. बाहेर बाकावर काजवाली आणि अक्का. दाराखालून उजेडाची पट्टी, आणि थोड्या थोड्या वेळानं आतून आवाज, पीं, पीं.

"आत कुणाचं पोर नेलंय?" अक्का म्हणाली. "इतक्या लहान पोराला कसली तार घालतात?"

आतून बाहेर आलेल्या नर्सनं सांगितलं, "पोर नाही. रबराचं बदक आहे. काकांच्या उजव्या हातात दिलंय. डॉक्टर सांगतात तेव्हा दाबायचं. वाजलं म्हणजे हात चालतोय."

"अगं बाई," अक्का म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षांचा घोडा."

दोघी पीं ऐकत बसल्या. काजवालीला वाटलं, आता आपल्याला भीती वाटेल. ती वाट बघत राहिली. समोरच्या भिंतीच्या फरशा तिनं बघितल्या, एकीचा कोपरा उडालेला होता. पीं. अक्कानं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. पीं. मग बराच वेळ काही नाही.

"वाजलं का आत्ता?" अक्का म्हणाली.

"नाही."

"मला वाटलं वाजलं."

"नाही वाजलं, अक्का."

आत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "खोका, काका, जोरात खोका." खोकल्याचा आवाज आला. बदकाचा नाही. अक्का पुटपुटायला लागली, देवाचीच नावं, पण शिव्या दिल्यासारखी. काजवालीचे हात मांडीवर होते. डाव्या हाताची बोटं कापड धरल्यासारखी जुळलेली, उजवी सुई धरल्यासारखी. ती काज करत होती, हवेत. अक्कानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

एकवीस टाक्यांवर आतून पीं वाजलं. मग लगेच दुसऱ्यांदा. मग उगाचच तिसऱ्यांदा, आणि डॉक्टरांचा आवाज, "पुरे, काका, पुरे."

अक्का रडली. काजवालीनं तिला पाणी दिलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "नळी उघडली. मधे थोडा वेळ ठोके मंदावले होते, होतं तसं. हात उत्तम, बोलणं उत्तम. बदकाच्या पोटाचा जोड उसवलाय म्हणून मला सुनावलंय त्यांनी."

काजवाली आत गेली. मास्तरांनी उजवा हात पुढं केला, तिनं धरला. पकड घट्ट होती. ते म्हणाले, "कात्री." मग म्हणाले, "सुई, दोरा, बकरम, अंगुस्तान, खडू." सगळी नावं बरोबर.

"बरोबर," ती म्हणाली.

"सांगितलंस ते…" मास्तर म्हणाले, आणि बाटलीकडे बोट केलं. तिनं पाणी पाजलं.

आता मास्तर पुन्हा बेततात. उजव्या नळीची दर सहा महिन्यांनी तपासणी असते. गोळ्या जन्मभर. गिऱ्हाईक येतं, हात बघतं, म्हणतं, "मास्तर, वाचलात." मास्तर बदकाची गोष्ट सांगतात, दर वेळी थोडी वाढवून, आणि आताशा तेरा वर्षांपूर्वीचंही सांगतात, अगदी मापासकट. लोक हसतात, हळहळतात, त्यांच्या पाठीवर थाप मारतात.

दारातल्या स्टुलावर काजवाली काजं करत असते. तिला कुणी काही विचारत नाही, कारण तिला काही झालेलं नाही. ती जेवते, झोपते, हसायच्या जागी हसते. अक्कानं एकदा विचारलं, "अगं, सुटलो म्हणून एकदा तरी बस आणि रड." ती म्हणाली, "येत नाही हो अक्का. बसून बघितलं." मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली की तिचा टाका थांबतो. त्यांनी ती पुन्हा उचलली की चालू होतो. दिवसातून कितीदा असं होतं, ते तिलाही ठाऊक नाही. मास्तरांना तर नाहीच.

माझं एवढंच मागणं आहे. आज घरी गेल्यावर देवापुढं उभे राहाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा बऱ्या झालेल्या माणसाशेजारी बसलेल्या त्या बाईला आठवा. तिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, त्यानं काही अडत नाही. काजवाली म्हणा.